धर्मादाय खाते आणि जगाची सतरा उद्दिष्टे

ज्यांच्या घरी अडतीचा व्यवसाय होता किंवा आजही आहे, त्यांना 'धर्मादा' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मालाच्या हिशेबपट्टीत अडत, हमाली, तोलाई यांच्याखाली आणखी एक बारीकशी रक्कम लिहिली जाई. ती ना शेतकऱ्याची, ना खरेदीदाराची, ना पेढीची. दिवाळीला वह्या बदलताना मुनीमजी तिची बेरीज निराळी काढीत आणि ती रक्कम पाणपोई, गोशाळा, धर्मशाळा, पाठशाळा अशा कामांकडे वळती होई. पुढे कायद्यानेही हा शब्द जसाच्या तसा उचलला. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांविषयीचा जो १९५० चा अधिनियम आपल्या राज्यात लागू आहे, त्याचे ५४ वे कलम धर्माद्याचेच आहे. व्यापारातील रिवाजाने धर्मकार्यासाठी घेतलेली रक्कम ज्याने घेतली त्याच्याकडे ती केवळ विश्वस्त म्हणून राहते आणि तिचा वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, असे ते कलम सांगते. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही अशी रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न धरता येत नाही, असा निर्वाळा दिला होता.

आमच्या माहूरच्या पेढीचा छोटासा न्यास याच खात्यातून जन्मला. दादाजींनी त्याच्या उद्दिष्टांत दोनच गोष्टी लिहिल्या: यात्रेकरूंना व गरजूंना पाणी आणि अन्न. माहूर हे साडेतीन शक्तिपीठांतील रेणुकामातेचे स्थान. दत्तशिखर, अनसूयामाता, महानुभावांचे देवदेवेश्वरी, हे सारे एका डोंगररांगेत. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गावाची वस्ती कितीतरी पटींनी वाढते. आमचे आराध्य निराळे असले, तरी गडाच्या पायऱ्या चढून उतरलेल्या माणसाला पाणी देताना त्याचे दैवत विचारावे, असे दादाजींना कधी वाटले नाही. त्यांच्यामागे काकासा आणि वडील, त्यांच्यामागे आम्ही चुलतभावंडे. न्यासाचा व्याप मोठा कधीच नव्हता. आपल्या समाजात असे न्यास गावोगावी आहेत. त्यांच्या नावाच्या पाट्या असतात, वर्षातून एक सभा होते, हिशेब तपासला जातो आणि काम मागील पानावरून पुढे चालू राहते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने दोन वर्षांपूर्वी या सभेपुढे एक कागद ठेवला. ती ज्या कार्यालयात काम करते तिथे मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक खर्चाची आखणी होते. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अशा पैशातील काही भाग एखाद्या लहान न्यासाकडे यायचा, तर त्या न्यासाचे काम संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी कोणत्या उद्दिष्टात बसते, हे बहुधा आधी विचारले जाते. कागदावर सतरा चौकटी होत्या. योग्य चौकटीवर खूण करायची होती.

काकासांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला, सतराही ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाले, "बेटा, यांनी पाण्याला सहावा नंबर दिला आहे. आपल्याकडे तो पहिला आहे." सभा हसली, पण विषय संपला नाही. तो संपू नये असेच मला वाटत होते.

ही उद्दिष्टे २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या सभेत १९३ देशांनी स्वीकारली. उद्दिष्टे १७, त्यांच्याखाली लक्ष्ये १६९, मुदत २०३० ची. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी, ऊर्जा, रोजगार अशा क्रमाने यादी पुढे जाते आणि सतरावे उद्दिष्ट भागीदारीचे आहे. यादी वाचून आपल्या माणसाला पहिल्यांदा वाटते, यात नवे काय? आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान हे चार शब्द लहानपणापासून कानावर आहेत. आहारदान म्हणजे दुसरे उद्दिष्ट, औषधदान तिसरे, ज्ञानदान चौथे, आणि अभयदानात प्राणिमात्र व जंगल यांचे पंधरावे बसवता येते. असे जुळवून दाखवणारी भाषणे मी ऐकली आहेत आणि टाळ्याही वाजवल्या आहेत.

पण जुळवणी करून थांबण्यात एक धोका आहे, तो व्यापाऱ्याच्या चटकन लक्षात यावा. जुन्या पोत्यावर नवा शिक्का मारला म्हणून आतले धान्य बदलत नाही. पाणपोईचे छायाचित्र काढायचे, खाली 'उद्दिष्ट क्रमांक सहा' लिहायचे आणि अहवाल पाठवायचा, याने जगाचे काही पुढे सरकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालात ज्या लक्ष्यांची मोजणी होऊ शकली त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लक्ष्ये योग्य गतीने चालली असल्याचे म्हटले होते. इतके अहवाल लिहूनही ही स्थिती. तेव्हा मी सभेत म्हटले की चौकटीवर खूण नंतर करू. आधी प्रत्येक लक्ष्याखाली नेमके काय मोजायला सांगितले आहे ते वाचू. पुतणीने पुढच्या सभेला १६९ लक्ष्यांचा मराठी गोषवारा आणला. तीन संध्याकाळी आम्ही तो वाचला. बरीच लक्ष्ये सरकारांसाठी आहेत, आपल्या आवाक्यातली नाहीत, ती आम्ही भराभर ओलांडली. तीन-चार ठिकाणी मात्र आमचेच घर दिसले.

पहिले ठिकाण बाराव्या उद्दिष्टातील तिसरे लक्ष्य. दुकानांत आणि घरांत वाया जाणारे अन्न २०३० पर्यंत दरडोई निम्म्यावर आणावे, असे ते म्हणते. नवरात्रात आमच्या अन्नछत्रात पंगती उठतात तेव्हा पत्रावळींच्या ढिगात किती भात-भाजी जाते, हे आम्ही पाहत होतो; मोजत नव्हतो. आपल्या घरांत थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत आहे. कणही टाकायचा नाही, कारण टाकलेल्या अन्नात जीवोत्पत्ती होते आणि पुढची हिंसा आपल्या खात्यावर येते. यात्रेकरूंना ही सक्ती करता येत नाही. करू नये. पण वाढप बदलता येते. भात एकदम न वाढता थोडा थोडा वाढायचा, वाढप्याने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा फिरायचे, लहान मुलांना निम्मे वाढायचे. प्लॅस्टिकचे पेले २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर बंद झालेच होते. आता पत्रावळीऐवजी स्टीलच्या थाळ्या आल्या. त्यासोबत एक नवी अडचण आली, तीही सांगितली पाहिजे. थाळ्या धुवायला पाणी लागते, आणि पाण्याची तर इथे वानवा. तेव्हा थाळी आधी राखेने व भुशाने पुसून घ्यायची, मग दोन टाक्यांत बुडवायची, आणि ते पाणी झाडांच्या आळ्यांत सोडायचे, असे महिला मंडळाने ठरवले. रोज रात्री उष्ट्या अन्नाचे डबे वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत लिहिला जाऊ लागला. अहवालासाठी म्हणून सुरू केलेली ही मोजणी वाढप्यांच्या पोरांना इतकी आवडली की कालच्यापेक्षा आज आकडा खाली आणण्याची त्यांची चढाओढ लागली.

हे सोपे काम होते. अवघड होते ते पुढचे.

तिसऱ्या उद्दिष्टातील नववे लक्ष्य घातक रसायनांनी होणारे मृत्यू आणि आजार कमी करण्याचे आहे. हे वाचले तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. धनोड्याचा पूल ओलांडून पैनगंगेपलीकडे गेले की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत त्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारणाऱ्याच्या तोंडावरच तुषार येत. अंगावर साधा सदरा, पाय उघडे, नाकाला रुमाल असला तर असला. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत पडली होती. नदीच्या आमच्या बाजूलाही पीक तेच, औषध तेच आणि फवारणारे हातही त्याच गरीब घरांतले: आंध, गोंड, कोलाम, बंजारा.

खोलीतल्या शांततेचे कारण मात्र आणखी जवळचे होते. माझ्या एका चुलतभावाचे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते आणि कीटकनाशके. न्यासाला दरवर्षी येणाऱ्या देणग्यांत त्याची देणगी मोठी असते. आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय. त्यांत वनकर्म आहे, म्हणजे जंगलतोडीवरचा धंदा. दंतवाणिज्य आहे, हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार. दवदान आहे, रानाला आग लावणे. आणि विषवाणिज्य आहे. संयुक्त राष्ट्रांची यादी आणि ही यादी मी एका संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून वाचली. दानाच्या यादीपेक्षा या वर्ज्य धंद्यांच्या यादीशीच जगाची उद्दिष्टे अधिक जुळतात, असे माझे मत झाले. आजचे जग प्रामुख्याने असे म्हणत आहे की कमाई कशी होते ते पाहा. दान कुठे जाते हा त्यानंतरचा प्रश्न. आपण न्यासांच्या सभांत बहुधा दुसऱ्याच प्रश्नाची चर्चा करतो, कारण पहिला प्रश्न दुकानात जाऊन बसतो.

भाऊ समंजस आहे. तो म्हणाला, "मी बंद केले तर शेतकरी पुसदला जाईल, किनवटला जाईल. माल तोच घेईल. फरक एवढाच की तिथे त्याला कोणी ओळखणार नाही." हे उत्तर पुरेसे आहे असे मला वाटत नाही, पण खोटेही वाटत नाही. काकासा त्याला इतकेच म्हणाले की विक्री बंद करायची की नाही हे तुझे व्रत, त्यावर सभेत ठराव होत नाही. पण न्यास तुझ्या देणगीने फवारणीच्या मजुरांसाठी काही करणार असेल तर त्याचा आरंभ तुझ्या गल्ल्यावरून झाला पाहिजे.

त्यातून जे ठरले ते असे. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि अंगावरचा झगा असा संच दुकानात खरेदी किमतीला ठेवायचा, आणि ज्या मजुरांना तोही परवडत नाही त्यांच्यासाठी न्यासाने काही संच वापरून धुऊन परत करण्याच्या बोलीवर द्यायचे. दुसरे म्हणजे रंग ओळखायला शिकवायचे. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. तांड्यांवर आणि कोलामांच्या पोडांवर जाऊन हे समजावणारी दोन मुले त्याच वस्त्यांतली निवडली, कारण दुकानदाराच्या तोंडचा सावधगिरीचा सल्ला मजुराला विक्रीचाच भाग वाटतो. तिसरे, लाल रंगाचा डबा मागणाऱ्याला भाऊ आता आधी कीड कोणती ते विचारतो, आणि निंबोळी अर्काने भागत असेल तर तसे सांगतो. त्याचा या मालावरचा खप थोडा उतरला आहे. तो ते बोलून दाखवत नाही, पण मी त्याच्या वह्या पाहतो.

असा प्रश्न इतर गावांतील आपल्या कुटुंबांपुढेही असणार. कोणाचा सावकारीचा हात असेल, कोणाचे प्लॅस्टिकचे गोदाम असेल, कोणाची जिनिंगची गिरणी असेल जिथे रुईच्या धुळीत बायका काम करतात. त्यांच्या न्यासांनी दूरच्या शहरातील इमारतीला संगमरवर देण्याआधी त्या धुळीकडे पाहावे, असे मला वाटते. हे कोणाला बोचेल तर बोचू द्यावे.

आता पाण्याकडे येतो.

२०१६ चा एप्रिल मराठवाड्यातला कोणी विसरलेला नाही. मिरजेहून पाणी भरून निघालेली आगगाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच सुमारास लातूरकरांनी पक्ष, जात, व्यापार सारे विसरून जलयुक्त लातूर या नावाने वर्गणी उभी केली आणि मांजरा नदीच्या पात्रातील गाळ काढायला घेतला. आपल्या समाजाला याची आणखी जुनी ओळख आहे. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेली भारतीय जैन संघटना सर्वांच्या परिचयाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे संकुल त्यातून उभे राहिले. पुढे तिथे मेळघाटातील आदिवासी मुले शिकली आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरची मुलेही. २०१३ च्या दुष्काळात याच संघटनेने बीड जिल्ह्यात शंभराहून अधिक तलावांतील गाळ काढला, आणि २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शंभराहून अधिक यंत्रे उतरवून संपूर्ण जिल्ह्याचेच काम हाती घेतले. त्यात संघटनेने यंत्रे दिली, शासनाने डिझेलचा भार उचलला आणि शेतकऱ्यांनी गाळ स्वखर्चाने आपल्या शेतात नेला. मला या कामातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट ही वाटणीच वाटते. एकाच्या थैलीतून सगळे होत नाही, आणि झाले तर ते टिकत नाही. २०१७ पासून राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच पद्धतीवर चालली.

आमच्या तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव आहेत. पाझर तलावातील पाणी उपसून न्यायचे नसते; ते जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मिळते. तळाशी गाळाचा थर बसला की मुरणे थांबते आणि साठाही घटतो. अशा एका तलावाखाली एक वाडी आणि एक तांडा आहे. चैत्र संपता संपता तिथल्या विहिरी तळ गाठतात. पैनगंगाही तोपर्यंत कोरडी पडलेली असते, आणि इसापूरच्या धरणातून पाणी सोडा या मागण्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. दादाजींच्या न्यासाची पाणपोई गावात होती, पण तहान इथे होती.

माझ्यासारख्या तागडीच्या माणसाला जी गोष्ट सर्वांत पटली ती तिचे गणित. गाळ ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण एक ट्रॅक्टरची ट्रॉली. तेवढा गाळ निघाला की तेवढीच जागा पाण्याला मिळते, म्हणजे सुमारे २,८३० लिटर. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीचे पाच लाख लिटर या हिशेबाने १७७ ब्रास होतात. पावणेदोनशे-एकशे ऐंशी ट्रॉल्या गाळ काढला की एका आगगाडीची जागा झाली, आणि तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी ती पुन्हा भरणार. बाष्पीभवन, गळती, कमी पाऊस हे वजा करावे लागेल. तरीही हा सौदा बरा आहे, हे सभेतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला कळले. यंत्र एका मोठ्या संस्थेने देऊ केले. डिझेल न्यासाने द्यायचे. गाळ शेतकरी नेणार. उद्दिष्टांच्या कागदावरच्या सतराव्या चौकटीचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

विरोध आला तो काकासांकडून. पंधरा कर्मादानांत एक आहे सरद्रहतडागशोषण, म्हणजे सरोवरे, डोह, तळी आटवणे. स्फोटकर्म, म्हणजे जमीन फोडण्याचा धंदा, तेही त्यातच. काकासा म्हणाले, "आयुष्यभर पाणी गाळून प्यायलो. गाळण्यावर राहिलेली जीवाणी आई त्याच विहिरीत, दोरी सोडून, पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन सोडत असे. वरून ओतत नसे, जीवांना मार लागेल म्हणून. आणि आता मी यंत्राला डिझेल देऊ? त्या चिखलात बेडूक आहेत, कासवे आहेत. उन्हाळ्यात ती गाळातच पडून राहतात. तुम्हाला दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असे नव्हे."

तरुणांना हे अडवणुकीचे वाटले. मला तसे वाटले नाही. जगभर तलाव, नद्या, पाणथळ जागा यांची कामे करताना जी चूक होते ती हीच, की पाणी म्हणजे लिटर असे समजले जाते. खुद्द सहाव्या उद्दिष्टातील सहावे लक्ष्य पाण्याशी निगडित जीवसृष्टी जपायला सांगते. कागदावरच्या सहाव्या चौकटीतले अर्धे काकासा बोलत होते आणि अर्धे आम्ही.

त्या चातुर्मासात नांदेडला विराजमान असलेल्या एका साध्वीजींना काकासांनी विचारले. आरंभाच्या कामाला साधू-साध्वी आज्ञा देत नाहीत, हे त्यांनाही माहीत होते. साध्वीजींनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्यांनी उलट विचारले की तळे पूर्ण आटते का, की कुठे डबके राहते? काकासांना उत्तर ठाऊक नव्हते. ते परत आले आणि वैशाखात स्वतः तलावावर गेले.

डबके राहते. सर्वांत खोल भागात, दोन-तीन गुंठ्यांचे. त्याच्या कडेचा चिखल ओला असतो, बाकी तळ भेगाळतो. मग अटी ठरल्या, आणि त्या न्यासाच्या ठरावात लिहिल्या गेल्या. काम फक्त भेगाळलेल्या भागात, बाहेरच्या काठापासून आत. डबके आणि त्याभोवतीचा ओला पट्टा यंत्राने शिवायचा नाही. बांधाच्या पायथ्याजवळ खणायचे नाही. त्यासाठी जलसंधारणाच्या अभियंत्याला बोलावून चुन्याने रेघ मारून घेतली. ओला जीव सापडला तर यंत्र थांबवून तो डबक्यात नेऊन सोडायचा. गाळ आधी लहान शेतकऱ्यांना, मग मोठ्यांना. रात्री काम नाही. या अटींमुळे काम हळू झाले आणि डिझेलही जास्त लागले असणार. गाळही सारा निघाला नाही. पुतणीच्या कार्यालयातील कोणाला हे पटले नाही म्हणे, कारण त्यांच्या तक्त्यात घनमीटरचा रकाना होता, सोडलेल्या डबक्याचा नव्हता. तिने टिपणाच्या जागी तो लिहून पाठवला.

लहान न्यासाची ताकद मला इथेच दिसते. मोठ्या संस्थेकडे यंत्रे असतात, माणसे असतात, जिल्हा उचलण्याची हिंमत असते. ती आपल्याकडे येणार नाही आणि यावी असा हट्टही नसावा. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला तेव्हाही हाताशी फार काही नव्हते. पुढे वसतिगृहे चालवायला घरोघरच्या बायकांनी मूठ मूठ धान्य दिले. त्या मुठी देणाऱ्या बायकांना वसतिगृहात कोणाचे पोर जेवते आहे हे माहीत होते. आमच्या न्यासालाही माहीत असते की वाडीतल्या कोणत्या विहिरीला पाणी आधी येते, कोणत्या विधवेच्या दोन एकरांत गाळ टाकायला ट्रॅक्टर मिळणार नाही, फवारणीला कोण जाते आणि त्याच्या घरी कोण वाट पाहते. ही माहिती न्यूयॉर्कच्या कागदात मावत नाही. आणि त्या कागदाशिवाय आम्हीही आणखी वीस वर्षे गावातल्या पाणपोईवरच थांबलो असतो, हेही तितकेच खरे.

न्यासाच्या घटनेत 'तलाव' हा शब्द नाही, म्हणून हिशेबतपासनीसांनी शंका काढली. वकिलांचे म्हणणे, पाणी पुरवणे या उद्दिष्टात हे बसते. तरी पुढील वर्षी धर्मादाय कार्यालयात रीतसर बदल अर्ज द्यावा. तो अर्ज अजून तयार व्हायचा आहे. दुसऱ्या एका तलावाखालच्या लोकांचा निरोप आला आहे, पण तिथे गाळ कोणी उचलायचा यावर गावात दोन तट आहेत. ते मिटेपर्यंत न्यासाने पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे. भावाचे मत निराळे आहे.

कामाच्या दिवसांत काकासा रोज सकाळी सामायिक आटोपून तलावावर जात. बांधावर खुर्ची टाकून, डोक्यावर पंचा घेऊन बसत. यंत्राचा चालक बिहारचा मुलगा. त्याला आरंभी हे म्हातारे देखरेखीला बसतात असे वाटले आणि तो घुश्शात असे. आठवड्याने त्यानेच एकदा इंजिन बंद केले, खाली उतरला आणि बकेटच्या दातांजवळच्या ढेकळातून ताटलीएवढे एक कासव दोन्ही हातांनी उचलून काकासांसमोर आणले. काकासा खुर्चीवरून उठले. दोघे मिळून डबक्याकडे गेले. परत येताना काकासांनी काठीने डबक्याची खोली मोजली, आदल्या दिवशीपेक्षा चार बोटे पाणी उतरले होते. त्यांनी मला फोन करून दोन टँकर मागवले.